पाचशे नगांची चाचणी

कारखान्यात तिला सगळे ‘सूनबाई’ म्हणत. ती चाचणी विभागात तंत्रज्ञ होती, पदविका घेऊन लागली होती, चार वर्षांत विभागातली निम्मी उपकरणं तिने उघडून पाहिली होती. पण तिचे सासरे त्याच विभागात तिच्या जन्माच्या आधीपासून कामाला होते, त्यामुळे तिची ओळख पहिल्याच दिवशी ठरून गेली. सुरुवातीला तिला राग यायचा. मग सवय झाली.

सासऱ्यांना सगळे ‘काटेमास्तर’ म्हणत. ते लागले तेव्हा मीटरवर आकडे नसायचे, काटा असायचा. थरथरणारा काटा कुठे येऊन थांबणार हे मास्तर तो थांबायच्या आधीच सांगत, असं जुने लोक सांगायचे. पुढे काटे गेले, आकडे आले, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

कारखाना पाणी तापवायच्या यंत्रांसाठी सेन्सर बनवायचा. बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्यातून निघालेल्या दोन वायरी. पाणी किती तापलंय हे यंत्राला तो सांगतो. त्याने चुकीचं सांगितलं तर पाणी एक तर कोमट राहतं नाही तर उकळतं, म्हणून प्रत्येक नग मोजूनच बाहेर जायचा. मोजायचं काम मास्तरांचं. वायरी दोन चिमट्यांत लावायच्या, मीटरवर रेझिस्टन्स पाहायचा. दहा हजार ओहम असायला हवा. शंभर इकडे, शंभर तिकडे चालतं. बसला तर हिरव्या ट्रेमध्ये, नाही तर लाल ट्रेमध्ये. दिवसाला दोन हजार नग. मास्तरांच्या बाकावरून गेलेला माल परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्या वर्षी मागणी वाढली. विभागाच्या साहेबांनी तिला बोलावलं. साहेब साधारण तिच्याच वयाचे, बोलताना पेनाचं टोपण उघडझाक करायची सवय असलेले.

“दुसरा बाक लावायचा का आहे तोच पळवायचा?” त्यांनी विचारलं.

“आहे तोच पळेल,” ती म्हणाली. “मीटरच्या मागे डिजिटल आउटपुट आहे. नऊ वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नाही.”

“म्हणजे काय करतं ते?”

“मीटर मोजतं तेव्हा आपण दिलेल्या मर्यादेत आकडा बसला की नाही हे त्याला कळलेलंच असतं. तेच ते मागच्या पिनेवर सांगतं. हो किंवा नाही. त्या पिनेवरून आपण दोन ट्रेंच्या मधली झडप हलवू. नग आपोआप हिरव्यात नाही तर लालमध्ये पडेल. माणसाने फक्त चिमट्यात लावायचा.”

“मास्तरांशी बोललीस?”

“बोलेन.”

त्याच दिवशी जेवताना तिने विषय काढला. पानावर चौघं होती: ती, नवरा, सासूबाई आणि मास्तर. तिने सगळं नीट सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, “कर. चांगलं आहे.” मग नवऱ्याने त्याच्या बसच्या ब्रेकचा विषय काढला, आणि ते तिथेच संपलं.

मास्तरांची बरीच रजा शिल्लक होती. साहेबांनी त्यांना चार दिवस घरी बसायला सांगितलं आणि बाक तिच्या ताब्यात दिला.

तिने मीटर पुढे ओढून मागची धूळ पुसली. नऊ पिनांचं कनेक्टर, त्यावरची रबरी टोपी अजून तशीच. पुस्तिकेतलं ते पान कुणी उघडलेलंही नव्हतं. कागद एकमेकांना चिकटले होते. पिनेवर पाच व्होल्ट येत, पण करंट अगदी नावाला. तेवढ्यावर झडप सोडा, एक बरा दिवासुद्धा लागला नसता. म्हणून तिने मध्ये रिले घातला: पिन रिलेला खूण करणार, रिले चोवीस व्होल्टचा व्हॉल्व्ह उघडणार, व्हॉल्व्ह हवा सोडणार, आणि हवेच्या जोरावर दांडा झडपेला ढकलणार. व्हॉल्व्हच्या कॉइलवर तिने उलटा डायोड लावला, नाही तर बंद होताना कॉइल जो फटका मारते तो सरळ मीटरपर्यंत जातो. आणि एक गोष्ट तिने फार विचार करून केली. झडप आपणहून लाल ट्रेच्या बाजूला पडेल अशी ठेवली. मीटर बंद पडलं, वायर सुटली, हवा गेली, काहीही झालं तरी नग नापास. पास व्हायला खणखणीत ‘हो’ लागेल.

तिसऱ्या दिवशी ती एकच नग लावून झडप पुन्हा पुन्हा हलवून पाहत होती. मीटर प्रत्येक पास नगाला एकदा ‘टुंक’ करायचं, आणि आता ते मिनिटाला तीस वेळा टुंक टुंक करत होतं. शेजारच्या ओळीत वायरी जोडणारी एक बाई होती. तिला सगळे ‘सोल्डरवाली’ म्हणत. ती अर्धा तास गप्प बसली, मग हातातली सोल्डरची कावी खाली ठेवून म्हणाली, “सूनबाई, डोकं उठलंय माझं. बंद कर बाई ते.”

तिने मेनूत जाऊन आवाज बंद केला. दहा सेकंदांचं काम. पुढच्या मिनिटाला ती ते विसरून गेली.

मास्तर कामावर आले त्या दिवशी चाचणी ठरली होती. साहेबांनी पाचशे नग निवडले, प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी लावून घेतली. “आधी मशीन निवडेल,” ते म्हणाले. “मग तेच पाचशे मास्तर निवडतील. फरक किती पडतो ते मला लिहून दे. पाचाच्या आत असेल तर सोमवारपासून मशीन.”

मशीनने चाळीस मिनिटांत काम संपवलं. तिने झडप काढून ठेवली, ट्रे बदलले आणि मास्तरांना खुर्ची दिली.

मास्तरांनी पहिला नग चिमट्यात लावला. हात तसाच हवेत राहिला.

“मीटर चालू आहे ना?” त्यांनी विचारलं.

“चालू आहे, बाबा.” कारखान्यातही ती त्यांना बाबाच म्हणायची.

“बरं.”

ते पुढे वाकले. मान जरा तिरकी केली, पुन्हा सरळ केली. मग नग हिरव्या ट्रेमध्ये ठेवला. दुसरा घेतला. एरवी तासाला चारशे नग करणाऱ्या माणसाला त्या दिवशी अडीच तास लागले. चाचणी म्हणून जपून करतायत, असं तिला वाटलं. मध्ये तिने पाणी आणून ठेवलं. त्यांनी घेतलं नाही. उठले तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ ओली होती.

एकसष्ट नगांचा फरक पडला.

साहेबांनी कागद दोनदा पाहिला, टोपण उघडलं आणि लावलं. “मशीनमध्ये घोळ आहे,” ते म्हणाले.

“तपासते.”

“मास्तरांचा हात चुकत नाही, सूनबाई. एकसष्ट म्हणजे खेळ आहे का?”

विभागात बातमी पसरायला जेवणाच्या सुट्टीपर्यंतही वेळ लागला नाही. सुनेचं मशीन सासऱ्यासमोर तोंडावर आपटलं, यात लोकांना मजा येणं साहजिक होतं. कुणी वाईट बोललं नाही. पण ती हात धुवायला गेली तेव्हा नळापाशी चाललेलं हसणं थांबलं, आणि ती बाहेर पडल्यावर पुन्हा सुरू झालं.

तिने दोन दिवस सगळं उघडून पाहिलं. पिनेवरचा व्होल्टेज मोजला. रिले बदलला. हवेचा दाब कमी-जास्त करून पाहिला. नग चिमट्यात बसल्यावर आकडा स्थिर व्हायच्या आत मीटर निर्णय देतंय का, अशी शंका आली, म्हणून अर्ध्या सेकंदाची वाट दुप्पट केली. काहीच सापडलं नाही. प्रत्येक वेळी मशीनने त्याच नगांना तोच निकाल दिला.

शेवटी ते एकसष्ट नग घेऊन ती प्रमाणित मीटर ठेवलेल्या खोलीत गेली. तिथलं मीटर कुणाच्याही बाजूचं नव्हतं. एकेक नग लावून तिने आकडे लिहिले. एकोणसाठ नगांवर मशीन बरोबर होतं. उरलेले दोन अगदी काठावरचे होते, ते कुणीही कुठेही टाकले असते. मास्तरांनी चाळीसेक चांगले नग लालमध्ये टाकले होते. ते एक वेळ ठीक. पण वीसेक खराब नग त्यांनी हिरव्यात ठेवले होते, आणि त्यातले काही दोन-दोन हजार ओहमने बाहेर होते. तेवढा फरक नवखा माणूससुद्धा ओळखतो.

कागद घडी करून खिशात ठेवून ती परत आली आणि बाकापाशी बसून राहिली.

“लागलं का काही हाताला?” सोल्डरवालीने विचारलं.

“नाही.”

“मशीन राहिलं तर एक बरं होईल. ते टुंक टुंक तरी जाईल. दिवसभर मास्तरांच्या बाकावरून यायचं गं. आता चार दिवस किती शांत वाटतंय.”

तिने खुर्ची वळवली. मग मीटरच्या मेनूत जाऊन तिने आवाज पुन्हा चालू केला, झडप काढली आणि मास्तरांना बोलावून आणलं. ते मधले दोन दिवस खोकी बांधायच्या कामावर होते.

“मशीन बंद ठेवलंय, बाबा. आजचा माल हातानेच करा.”

मास्तरांनी पहिला नग लावला. टुंक. हिरवा ट्रे. दुसरा. टुंक. तिसऱ्याला आवाज आला नाही, नग लालमध्ये. त्यांचे खांदे खाली आले, हाताला नेहमीची लय आली.

ती सामानाच्या जाळीमागे जाऊन उभी राहिली. तिथून त्यांचा चेहरा दिसत होता. मास्तर मीटरकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर होती, जिथे काहीही नव्हतं. डावा हात नग उचलायचा, बोटं चाचपून चिमटे लावायची, मग क्षणभर ते थांबायचे, मान किंचित मीटरकडे कललेली. टुंक झालं की उजवा हात चालायचा. अर्धा तास ती पाहत होती. अर्ध्या तासात त्यांनी एकदाही आकडा पाहिला नाही.

घरी पोहोचली तेव्हा सासूबाई दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होत्या. मास्तर वाटेत न्हाव्याकडे थांबले होते. ती शेजारी बसली, एक शर्ट ओढून घेतला.

“आई, बाबांना दिसत नाही का नीट?”

सासूबाई बाही सरळ करत राहिल्या. “कोण म्हणालं?”

“कुणी नाही. मी पाहिलं.”

“पाहिलंस तर मला कशाला विचारतेस?”

पुढचा शर्ट ओढत त्याच बोलल्या. “मधलं गेलंय म्हणतात. कडेकडेचं दिसतं. चालताना अडखळत नाहीत, दार दिसतं, पायरी दिसते. पण ज्याच्याकडे बघायचं तेच पुसल्यासारखं होतं. मला म्हणाले, तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. म्हटलं, एवढ्या वर्षांनी बघण्यासारखं तेवढंच उरलंय.”

“किती दिवस झाले?”

“दोन वर्षं होतील.”

“डॉक्टरकडे?”

“डॉक्टरकडे गेलं की कागद होतो. कागद झाला की तो कारखान्यात जातो.” सासूबाईंनी घडी मांडीवर ठेवून तिच्याकडे पाहिलं. “चौदा महिने राहिलेत त्यांचे. तेवढे काढू दे म्हणाले. मी म्हटलं, काढा.”

जेवणानंतर तिने नवऱ्याला बाहेर व्हरांड्यात सांगितलं. तो कठड्याला टेकला. “मला दर वर्षी डोळे तपासून द्यावे लागतात, त्याशिवाय बस हातात देत नाहीत,” तो म्हणाला. “बाबांना मी कधी विचारलंच नाही. पेपर बंद केला तेव्हा म्हणाले, रोज तेच असतं. मी म्हटलं, बरोबर आहे.” मग म्हणाला, “तू काय करणार आहेस?”

“माहीत नाही.”

“मला मध्ये घालू नका,” तो म्हणाला, आणि लगेच त्याला ते बोलल्याचं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

सकाळी ती आणि मास्तर नेहमीसारखे एकत्र निघाले. कारखाना वीस मिनिटांवर होता. मालाच्या गाड्यांचा रस्ता, एका बाजूला लांबच लांब भिंत. निम्मं अंतर झाल्यावर मास्तर म्हणाले, “काल जाळीमागे उभी होतीस.”

ती चमकली.

“तुझ्या चपलेचा आवाज ओळखतो मी,” ते म्हणाले. “काय लिहिणार आहेस?”

“जे झालं ते.”

“आवाज चालू असता तर एकही चूक झाली नसती.”

“माहीत आहे, बाबा.”

“दोन वर्षांत माझ्या बाकावरून एक नग वाईट गेलेला नाही. मीटरच ठरवतं बरं-वाईट. मी डोळ्याने ऐकलं काय आणि कानाने पाहिलं काय.” आपण उलटसुलट बोललो हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. “मशीनचा दोष म्हण. दोन दिवस सगळे तेच म्हणतायत. दुरुस्त करायला वेळ लागेल म्हण. वर्षभराने पुन्हा लाव. कोण अडवतंय?”

समोरून ट्रक आला. दोघं भिंतीला लागून उभी राहिली. ट्रक गेल्यावरही ती लगेच चालायला लागली नाही.

“आवाज मी बंद केला होता,” ती म्हणाली. “उद्या मीटरचा स्पीकर आपणहून बिघडला असता तर? चाचणी होती म्हणून ते नग परत हातात आले. नाही तर वीस खराब नग गेले असते. कुणाच्या तरी घरात पाणी उकळलं असतं.”

“पण बिघडला नाही ना.”

“नाही.”

“मग?”

मास्तर चालू लागले. कारखान्याच्या फाटकापर्यंत ती एक पाऊल मागून चालली.

त्या दिवशी तिने साहेबांकडे दुसरी चाचणी मागितली. तेच पाचशे नग, तोच बाक, तेच मास्तर. मीटरचा आवाज चालू. मास्तरांनी सव्वा तासात काम संपवलं. तीन नगांचा फरक पडला, तिन्ही काठावरचे.

अहवाल एका पानाचा झाला. तिने तो चार वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यात मास्तरांच्या डोळ्यांबद्दल एक वाक्य होतं. ते तिने काढून टाकलं. दुसऱ्यात पहिली चाचणीच नव्हती. ती परत घातली. शेवटी जे उरलं ते असं: पहिल्या चाचणीत मीटरचा आवाज तंत्रज्ञाकडून बंद राहिला होता, फरक एकसष्ट. दुसऱ्या चाचणीत आवाज चालू, फरक तीन. एकसष्ट नगांची प्रमाणित मीटरवर फेरतपासणी, मशीन एकोणसाठ नगांवर बरोबर. खाली तिची सही.

साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

“आवाज बंद, आवाज चालू. आवाजाचा इथे काय संबंध? आकडा तर समोर दिसतोच.”

तिने फेरतपासणीच्या ओळीवर बोट ठेवलं.

“तू काहीतरी लिहिलेलं नाहीस.”

“मला जे मोजता आलं ते सगळं लिहिलंय, साहेब.”

साहेबांनी टोपण लावलं आणि मास्तरांना बोलावलं. मास्तर आले, हात पुसत. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. साहेबांनी कागद त्यांच्या पुढे धरला. “हे वाचा, मास्तर, आणि मला समजावून सांगा.”

मास्तरांनी कागद घेतला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला, अगदी बरोबर अंतरावर, आणि वाचायला लागतो तेवढा वेळ तसाच धरून ठेवला. तिने नजर खिडकीकडे वळवली. बाहेर कुणीतरी रिकामे पिंप लोळवत नेत होतं.

मग मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला. “तिने काय लिहिलंय मला माहीत नाही, साहेब,” ते म्हणाले. “पण खोटं लिहिलेलं नसणार. मला आकडा दिसत नाही. दोन वर्षं झाली. मी आवाजावर काम करतो.”

साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. ते वयाने लहान होते. कामाला लागले तेव्हा मीटर कसं वाचायचं हे त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं. मग कपाटापाशी जाऊन साहेबांनी तक्रारींची फाईल काढली आणि दोन वर्षांचे कागद तिथेच उभ्याने चाळले. त्या बाकावरच्या मालाची एक तक्रार होती, तीही खोकं ओलं झाल्याची.

“सांगायचं होतंत,” साहेब म्हणाले.

“सांगितलं असतं तर बाकावर बसू दिलं असतंत?”

साहेबांनी खरं उत्तर दिलं. “नाही.”

“म्हणून नाही सांगितलं.”

शिक्षा झाली नाही. कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासलं, वर पत्र गेलं, वरून पत्र आलं. मास्तरांना मोजणीच्या कामावरून काढलं. पण मशीनला नग भरवायला माणूस लागतच होता, आणि चाचपून दोन बारीक वायरी चिमट्यांत बसवण्यात मास्तरांच्या जवळपास जाणारं कुणी नव्हतं. सोमवारपासून मशीन सुरू झालं, आणि त्याच्या समोरच्या खुर्चीवर, त्याच जागी, मास्तर बसले. ते नग लावायचे, पायाने पट्टी दाबायचे. मीटर मोजायचं, पिनेवर हो किंवा नाही यायचं, रिले खटकायचा, झडप पडायची. दिवसाला पाच हजार नग. विभागातले लोक पहिले काही दिवस त्यांच्याशी जरा मोठ्याने बोलले, जणू गेले होते ते कान. मग तेही सुटलं.

घरात मात्र मास्तर तिच्याशी बोलायचे बंद झाले. भांडण नव्हतं. ती समोर बसलेली असली तरी ते सासूबाईंना म्हणायचे, “तिला विचार, उद्या लवकर निघायचंय का.” सासूबाई तिच्याकडे वळून म्हणायच्या, “उद्या लवकर निघायचंय का?” ती म्हणायची, “हो.” सासूबाई परत वळून सांगायच्या, “हो म्हणतेय.” चौथ्या दिवशी सासूबाई वैतागल्या. “माझा काय टेलिफोन केलाय का तुम्ही दोघांनी?” त्यांनी ताट आपटलं. नवऱ्याला हसू आलं, त्याने ते खोकल्यात लपवलं. तरी मास्तरांचा क्रम बदलला नाही. रस्त्यानेही ते तिच्या बरोबर चालायचे, शेजारून, एक शब्द न बोलता.

कारखान्यात तिला आणखी दोन बाक मशीनवर घ्यायला सांगितले. एका बाकावर सोल्डरवालीची बहीण काम करायची. वायरीला हात लावायच्या आधी ती पूर्ण एक दिवस त्या बहिणीच्या शेजारी स्टूल टाकून बसली. “तू नक्की कशावरून ठरवतेस ते मला सांग,” ती म्हणाली. “पुस्तकात काय लिहिलंय ते नको.” बहिणीला आधी वाटलं की आपली परीक्षा चाललीय, आणि ती दुपारपर्यंत पुस्तकातलंच सांगत राहिली.

डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ महिन्याभराने मिळाली. नवऱ्याची त्या दिवशी ड्यूटी होती, सासूबाईंचा गुडघा दुखत होता. ती रजा टाकून मास्तरांबरोबर गेली. लांबलचक दालन, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, सगळे डोळ्यांत थेंब घालून डोकं मागे टेकून बसलेले. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं. डाव्या डोळ्याचं आता काही होण्यासारखं नाही, त्या म्हणाल्या. वेळेवर आला असतात तर थोडंफार राखता आलं असतं. उजव्यात अजून थोडं शिल्लक आहे. महिन्याला एक इंजेक्शन घेतलं तर ते टिकेल, कदाचित. वाढणार मात्र नाही.

“चालेल,” मास्तर म्हणाले.

“दुखतं थोडं.”

“चालेल.”

पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी दिलं. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून त्यांना बाहेर आणलं. डाव्यात तपासणीचे थेंब घातलेले, त्यामुळे आता त्यांना कडेचंही दिसत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते सरळ चालू शकत नव्हते. तिने हात पुढे केला. तो त्यांना दिसला नाही, म्हणून तिने त्यांच्या कोपराला धरलं. त्यांनी कोपर काढून घेतलं नाही.

दालनातून बाहेर पडायला दगडी जिना होता. कठडा एकाच बाजूला, आणि तिथे एक माणूस सामान घेऊन बसला होता. मास्तर पहिल्या पायरीच्या काठावर थांबले. पाय पुढे घालून त्यांनी कड चाचपली.

“किती पायऱ्या आहेत?” त्यांनी विचारलं.

तिने आजूबाजूला पाहिलं. सासूबाई बरोबर नव्हत्या. प्रश्न तिलाच होता.

“अकरा,” ती म्हणाली.

ते उतरू लागले. प्रत्येक पायरीला ते तोंडातल्या तोंडात आकडा म्हणत होते आणि ती तिच्या बाजूचं कोपर घट्ट धरून एक पायरी पुढे चालत होती. अकरा म्हणून झाल्यावर त्यांनी जमीन समजून पाय टाकला आणि तो खाली गेला. ती वळली, दोन्ही हातांनी त्यांना सावरलं. तेही तिच्या खांद्याला धरून उभे राहिले. जवळून जाणाऱ्या दोघी-तिघी थबकल्या आणि पुढे गेल्या.

“बारा आहेत,” मास्तर म्हणाले.

तिने वर पाहून मोजल्या. खरंच बारा होत्या.

“चुकलं, बाबा.”

“हं,” ते म्हणाले. “बस कुठून मिळते?”

“समोरूनच. रस्ता ओलांडायचाय.”

“चल मग. आणि जरा हळू. तू फार भरभर चालतेस.”

रस्त्यावर गर्दी होती. दोघं कडेला उभी राहून गाड्या जायची वाट पाहू लागली.